काडीपेक्षा नखभर खाली

ही गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. म्हणजे — एका माणसाला सांगितली, गेल्या महिन्यात, आणि ज्याला सांगायला हवी होती तोच तो माणूस. त्याच्याखेरीज कुणाला नाही. भावाला नाही, मैत्रिणींना नाही, शाळेत तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण एकदा तोंड उघडलं आणि आता ते मिटत नाही असं माझं झालं आहे. सात वर्षं दाबून ठेवलेलं बाहेर पडायला लागलं की असंच होत असावं.

ऐकायला गोष्ट फार मोठी वाटणार नाही. एका जुन्या मोटारसायकलचा कार्बोरेटर गळत होता, आणि तो दुरुस्त होताना मी एक शब्द खोटा बोलले. बस, एवढंच. कुणी जखमी झालं नाही, कुठे आग लागली नाही. पण थांबा — 'एक शब्द' म्हणताना मी आत्ताही स्वतःला थोडी सूट देते आहे. शब्द एकच होता, पण तो मी तीन रविवारी तीनदा बोलले. पहिल्यांदा चूक म्हणता येईल. तिसऱ्यांदा काय म्हणाल?

मी मराठी शिकवते. डोणगावात आमचं घर, आणि शाळा तिथून सात-आठ किलोमीटरवर, मेहकरच्या रस्त्याला. वय बावन्न. लग्न झालं होतं, दोन वर्षांत परत आले. त्या गोष्टीत माझी चूक फारशी नाही, म्हणून ती मी कुणालाही सांगते. घरात मी आणि बाबा, दोघंच.

बाबा लाईनमन होते. पंचक्रोशीत असा खांब नसेल ज्यावर ते चढले नाहीत. वादळात तार तुटली की लोक आधी ऑफिसात नाही, आमच्या दारात यायचे. तशाच कामांसाठी त्यांनी ती शंभर सीसीची गाडी घेतली होती, मी शाळेत असताना. तेव्हा लाल होती. पुढे उन्हानं विटली, सीटचं कव्हर तीनदा बदललं, पण गाडी कधी मिस्त्रीच्या हातात गेली नाही. रविवारी विहारातून वंदना करून आले की बाबा अंगणात बसायचे, समोर जुनी परात, आणि परातीत गाडीचे भाग. जो भाग आधी निघाला तो परातीच्या काठाला, मग त्याच्या शेजारी पुढचा, असा गोल. बसवताना उलट्या बाजूनं फिरायचं. भाऊ बॅट घेऊन पळून जायचा, मी बसायचे. विभक्ती प्रत्यय पाठ व्हायच्या आधी मला जेट आणि फ्लोट कळत होते. हे मुद्दाम सांगते. मला समजत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

आता थोडं कार्बोरेटरचं सांगावं लागेल. घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉल असतो ना — पाणी भरलं की तो वर येतो आणि नळ बंद होतो — तसंच आहे. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत पेट्रोल साचतं, त्यावर फ्लोट तरंगतो, आणि फ्लोट वर आला की एक बारीक सुई भोकात बसून पेट्रोल थांबवते. सुई झिजली की पेट्रोल थांबत नाही. वाटी भरून वाहते आणि गाडीखाली टपटप सुरू होते.

सात वर्षांपूर्वी ती टपटप सुरू झाली. बाबा तेव्हा एकाहत्तरचे. त्यांनी कार्बोरेटर खोलला, सुईच्या टोकावर नख फिरवलं आणि झिजलेली कडा त्यांना लगेच कळली. मेहकरहून नवीन सुई आणली. पण नवीन सुई जुनीपेक्षा केसभर आखूड होती, बाजारात तशीच मिळत होती. अशा वेळी फ्लोटची उंची पुन्हा जुळवावी लागते. फ्लोटला एक इवलीशी पितळी पट्टी असते, ती किंचित वाकवायची. किती वाकवायची? त्याचं माप बाबांकडे होतं: गाडी नवी असताना त्यांनी खराट्याची एक काडी बरोबर उंचीला तोडून डबीत ठेवली होती. कार्बोरेटर उलटा धरायचा, काडी फ्लोटच्या शेजारी उभी करायची. फ्लोटची पाठ काडीच्या टोकाशी सरळ रेषेत आली की झालं. खाली राहिली तर पेट्रोल वाहणार म्हणजे वाहणार.

आणि हे काम बोटांचं नाही. बोट लावलं की फ्लोट दबतो आणि माप चुकतं. नुसतं बाजूनं, डोळा अगदी जवळ नेऊन बघावं लागतं. बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. लांबचं त्यांना ठीक दिसायचं, पण हातावरचं सगळं धुरकट. बाकी सगळी गाडी ते बोटांनी खोलत आणि बोटांनी बसवत. फक्त या एका गोष्टीसाठी त्यांना डोळे लागायचे, आणि ते माझे असायचे. माझं नाव तोडून ते मला 'सुने' म्हणतात.

"पाय बरं वं सुने, काडीच्या सरका आला का?"

मी वाकून पाहिलं. फ्लोट काडीच्या सारखा नव्हता, खाली होता. फार नाही, नखभर. मी म्हटलं, "हो. आला सरका."

पहिल्या रविवारी मी नीट पाहिलंच नव्हतं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत होते. ऊन डोळ्यावर येत होतं, चष्मा पुसलेला नव्हता वगैरे. खोटं आहे. मला ते आजही दिसतं — पांढऱ्या फ्लोटच्या वर काडीचं तपकिरी टोक डोकावलेलं. मी पाहिलं होतं आणि 'हो' म्हटलं होतं.

का?

इथे माझ्याकडे एक तयार उत्तर होतं आणि ते फार चांगलं दिसायचं. म्हातारा माणूस, एका डोळ्यानं अधू, रस्त्यावर ट्रकांची वर्दळ. गाडी बंद पडली तर बरंच, जीव तरी वाचेल. पोरीला बापाची काळजी नसेल का? भाऊ मलकापूरहून फोनवर हेच म्हणायचा, "बाबाची गाडी आता बंद कर वं कशी तरी." मीही तेच म्हणायचे. शेजारीपाजारीही माना डोलवायचे. हे उत्तर मी इतकी वर्षं वापरलं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

पण जरा विचार करा. काळजी असती तर गळत्या पेट्रोलच्या गाडीवर मी त्यांना तीन आठवडे फिरू दिलं असतं का? खाली तापलेलं इंजिन, वर गळणारी वाटी. त्या तीन आठवड्यांत बाबा तीनही गुरुवारी त्याच गाडीवर गेले, आणि मी 'जपून जा' एवढंसुद्धा म्हटलं नाही. ती काळजी नव्हती.

ती लाज होती. आता स्पष्टच सांगते — मला बाबांची लाज वाटत होती.

गुरुवारी बाबा हिवरा आश्रमला जायचे. तिथे त्यांचे जुने जोडीदार होते, रामभाऊ. नोकरीत तीस वर्षं दोघं एकाच शिडीला. एक वर चढायचा, दुसरा खाली शिडी धरायचा. रिटायर झाल्यावर गुरुवारी भेटायचं हे ठरलेलं. चहा प्यायचा, कुणाच्या तरी मोटारपंपाचं स्टार्टर खोलून बसायचं, संध्याकाळी परत. जाताना वाटेत माझी शाळा. मी सकाळची बस पकडायची म्हणून डबा अर्धवटच नेत असे, आणि बाबा मधल्या सुट्टीत गेटवर येऊन ताजी भाकर द्यायचे. गाडी गेटला टेकवायची आणि तिथूनच हाक, "सुने, वं सुने! बेसन आणलं तुह्यासाठी, गरम हाये आजून!"

वर्गात मी मुलांना शिकवत असे — 'मले' नाही, 'मला' म्हणा. 'तुह्यासाठी' नाही, 'तुझ्यासाठी'. आणि गेटवरून माझाच बाप सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं ओरडतोय. मुलं हसायची. त्या वर्षी एक नवीन सर आले होते, दूरच्या शहरातले, पुस्तकी मराठी बोलणारे. चांगला माणूस. एकदा हसत म्हणाले, "मॅडम, तुमचे वडील किती गोड बोलतात हो, ऐकत राहावंसं वाटतं." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी कानशिलं तापली. त्यात गाडी गळायला लागल्यापासून गेटसमोर पेट्रोलचे डाग पडायचे. शिपाई त्यावर माती टाकायचा आणि माझ्याकडे बघायचा. पुढच्या गुरुवारी हे नको — एवढंच माझ्या मनात होतं. बापाच्या हातची गरम भाकर नको होती मला. बावन्न वर्षांत याहून लाजिरवाणं मी काही लिहिलेलं नाही, पण बघा, लिहून झालं.

दुसऱ्या रविवारी बाबांनी पुन्हा सगळं खोललं. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, फुंकून पाहिलं. सुई बसते का हे तपासायची त्यांची एक पद्धत होती — पेट्रोलची नळी ओठांत धरून हवा ओढायची आणि जीभ लावायची. जीभ नळीला चिकटून राहिली तर सुई बरोबर. जीभ चिकटली. त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. सुई बरोबर, बसवणं बरोबर, मग गळतं कुठून? काडी उभी केली. "पाय बरं." मी पाहिलं. "हो."

तिसऱ्या रविवारी त्यांनी दोनदा विचारलं. काडीच झिजली असेल म्हणून आधी काडीवर नख फिरवून पाहिलं, डबी झटकून पाहिली. सगळ्यावर संशय घेऊन झाला — सुईवर, दुकानदारावर, काडीवर. माझ्यावर घ्यावा हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. "नक्की सरका हाये?" मी म्हटलं, "नक्की." त्या वेळी आवाज जरासुद्धा हलला नाही माझा. वर्गात हजेरी घेतात तसा सहज निघाला.

त्यांनी परातीतले भाग उलट्या क्रमानं एकेक उचलून बसवले. पेट्रोलचा कॉक उघडला. आम्ही दोघं उकिडवे बसून खाली बघत होतो. थोडा वेळ काही नाही. मग नळीच्या टोकाशी थेंब जमला, मोठा झाला, पडला. बाबांनी कॉक बंद केला. दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, आणि म्हणाले, "आता माह्या हाताले समजत नाही वं."

मी काय केलं? मी परात उचलून धुवायला नेली.

गाडी ताडपत्रीखाली गेली. मिस्त्रीकडे नेऊ का, असं मी एकदा विचारलं, वरवर. ते नको म्हणाले आणि मी तो विषय आनंदानं सोडला. गुरुवार सुटले. काळीपिवळी जीपनं जा म्हटलं तर दोनदा गेले, मग नाही. माझी मधली सुट्टी शांत झाली.

मला वाटलं होतं, गाडी बंद होईल. एवढंच होईल. पण बंद झाले ते बाबांचे हात. आधी मिक्सर. तो बिघडला तेव्हा त्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही, म्हणाले दुकानात दे. मग पंख्याचं रेग्युलेटर. मग इस्त्रीची वायर. रोज चहा केला की मला हाक, "गॅस बंद झाला का पाय, माह्या हाताचा भरवसा नाही." दाराची कडी लावली की परत जाऊन ओढून बघायचे, आणि मग मला बघायला सांगायचे. लोकांना वाटलं, वय झालं. मीही सगळ्यांना तेच सांगत होते. पण वयानं झालं नव्हतं ते. माझ्या 'हो'नं झालं होतं, आणि हे माहीत असणारी जगात मी एकटी होते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मी पटवून दिलं होतं की त्याचे हात खोटं बोलतात.

रामभाऊ दोन वर्षांनी गेले. हिवऱ्याला आम्ही भाड्याच्या गाडीनं गेलो. परतताना बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. तेव्हा मी सांगायला हवं होतं. त्यानंतरही पाच वर्षं गेली.

गेल्या महिन्यात घरातला एक स्विच जळाला. साधा स्विच, बैठकीतल्या दिव्याचा. आणि माझ्या बापानं — ज्यानं अकरा हजार व्होल्टच्या लाईनीवर पावसात काम केलं — त्यानं फोन करून वायरमन बोलावला. तो पोरगेला माणूस स्टुलावर उभा राहिला आणि बाबा खाली टॉर्च धरून उभे. मधूनच अदबीनं विचारायचे, "बरोबर लागला ना, साहेब?" साहेब. मी दारातून बघत होते.

वायरमन गेला. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील, अंगणात ऊन आलं होतं. बाबा खुर्ची घेऊन बसले होते. मी समोरच्या ओट्यावर बसले आणि सांगितलं. काही जुळवून ठेवलेलं नव्हतं. म्हटलं, बाबा, बसवणं तुमचं बरोबर होतं. फ्लोट काडीच्या खाली होता. मले दिसला होता. मी खोटं सांगितलं.

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग विचारलं, "तिन्ही खेपेले?"

"हो."

"कितीक खाली होता?"

"नखभर."

आणि काय झालं असेल असं तुम्हाला वाटतं? मला वाटलं होतं ते ओरडतील, किंवा रडतील, किंवा उठून आत जातील. ते मला विसरलेच. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले आणि हातांकडे बघत राहिले. "मंग माहे हात चुकले नव्हते," ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच. मग पुन्हा एकदा तेच म्हणाले. आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं — खरं हसू, दात नसलेल्या जागांसकट. सात वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. मी तिथेच रडायला लागले, आणि खरं सांगते, ते दुःखाचं रडणं नव्हतं. छातीवरचं ओझं उतरत होतं.

मग त्यांनी विचारलं, "काऊन वं?"

का, तेही मी सांगितलं. काळजीचं कारण जिभेच्या टोकावर आलं होतं, ते गिळलं. शाळेच्या गेटवर तुम्ही यायचे, मोठ्यानं हाक मारायचे, मले लाज वाटे, असं सांगितलं. त्यांचं हसू गेलं. ते अंगणाकडे बघत म्हणाले, "रामभाऊ वाट पाहे दर गुरुवारी." तेवढंच. मग आत गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवले, झोपले, पण बोलले नाहीत. त्या दोन्ही दिवशी मला शांत झोप लागली. हे सांगायलाही बरं वाटत नाही, पण लागली.

रविवारी त्यांनी ताडपत्री काढली. परात मागितली नाही. स्वतःच शोधून आणली. दुपारपर्यंत कार्बोरेटर सुटा झाला होता, वाळलेल्या पेट्रोलचा पिवळा थर ब्रशनं घासून निघाला होता, नळ्या साफ झाल्या होत्या. हात अजिबात अडखळत नव्हते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, चार पावलांवर, चष्मा लावून. माप घ्यायची वेळ आली. त्यांनी कार्बोरेटर उलटा धरला, काडी उभी केली, आणि भिंतीपलीकडे हाक मारली, "कमलाबाई, जरा या बरं इकडे. एवढं पाहून सांगा."

शेजारच्या कमलाकाकू पदराला हात पुसत आल्या. त्यांना कार्बोरेटर म्हणजे काय ते ठाऊक नाही. बाबांनी त्यांना समजावलं — ही काडी, हा फ्लोट, दोन्ही सरके पाहिजेत. काकूंनी वाकून, डोळे बारीक करून पाहिलं. "नाही हो भाऊजी, खालते हाये जरासा." बाबांनी पट्टी वाकवली. पुन्हा पाहिलं. "आता झाला." त्यांनी बसवलं, कॉक उघडला, खाली जुना कागद अंथरला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कागद कोरडा राहिला. बाबा काकूंकडे बघून हसले आणि त्यांना चहा प्यायला थांबवून घेतलं.

चहा मी केला. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, आणि मला खूप हलकं वाटत होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही मला बोलावलं नसतं.